दापोली-मंडणगडचे स्वच्छ किनारे, आणि पोत्यांत भरलेल्या कचऱ्याचे पुढे काय होते?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

वेळास, केळशी, आंजर्ले, लाडघर, कोळथरे या किनाऱ्यांवर जाऊन आलेला माणूस हमखास एक वाक्य बोलतो, ‘अजून बिघडलेले नाहीत हो.’ या वाक्यातले कौतुक मला मान्य आहे, त्यातले गृहीतक मात्र मान्य नाही. किनारा मुळात स्वच्छ असतो आणि पर्यटक आले की घाण होतो, असे आपण धरून चालतो. आज कोकणातल्या एखाद्या पुळणीवर वर्षभर एकही परगावचा माणूस फिरकला नाही, तरी भरतीच्या रेषेवर प्लास्टिक येतच राहील. ते जिथे दिसत नाही, तिथे बहुतेक वेळा ते कोणीतरी उचललेले असते.

कौतुकाने सुरुवात करतो, कारण या किनाऱ्यांचे खरोखर कौतुक आहे. थंडीत सकाळच्या ओहोटीला केळशीच्या पुळणीवर चालत गेले तर ओल्या वाळूवर खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी मैलभर दिसते, पाण्याच्या कडेला तुतवार आणि चिखले पळापळ करीत असतात, खाडीच्या तोंडाशी कुरवांचा थवा बसलेला असतो आणि वरच्या कोरड्या वाळूत मर्यादवेल जांभळ्या फुलांनी भरलेली असते. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. त्याआधी ही अंडी माणसे, कोल्हे आणि कुत्री यांच्या तोंडी जात. आज कासव महोत्सवामुळे गावात घरोघरी पाहुणे उतरतात. ओडिशात मार्च २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली, म्हणजे ती अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आली होती. अशा पाहुणीला आपण कोणत्या अवस्थेतला किनारा देतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ सौंदर्याचा उरत नाही.

आता भरतीच्या रेषेविषयी. उधाणानंतर वाळूवर काटक्या, शेवाळ आणि कचरा यांची जी लांबलचक वेडीवाकडी पट्टी उरते, ती नीट पाहिली तर पुष्कळ काही सांगते. तिच्यात बाटल्यांपेक्षा बाटल्यांची झाकणे जास्त असतात, कारण पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड आणि झाकणाचे हलके. झाकण निघालेली बाटली पाण्याने भरून तळाशी जाते आणि झाकण तेवढे तरंगत किनाऱ्याला लागते. चपला, थर्माकोलचे तुकडे, हिरवे-निळे दोर, औषधांच्या बाटल्या, गुटख्याच्या आणि वेफर्सच्या पुड्या हे सारे तरंगणारे. नायलॉनचे जाळे बुडणारे, म्हणून ते क्वचितच दिसते, आणि दिसत नाही म्हणून ते नाही असे नव्हे. एखाद्या बाटलीला लांब देठाच्या बार्नेकलचे, म्हणजे तरंगत्या वस्तूंना चिकटून वाढणाऱ्या कवचधारी समुद्री जीवांचे, घोस लगडलेले असतील तर ती कित्येक आठवडे खुल्या समुद्रात तरंगत होती असे समजावे. ज्या पुडीवरची शाई अजून ताजी आहे आणि जिला काही चिकटलेले नाही, ती बहुधा जवळच्या खाडीतून, म्हणजे आपल्याच बाजारपेठेतून आलेली असते. माझ्या पाहण्यात दुसऱ्या प्रकारचा माल नेहमीच जास्त भरला आहे.

जगभरच्या आकडेवारीचा कलही असाच आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासाने २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेले प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असावे असा अंदाज मांडला होता. आकड्यांतली ही रुंद दरी पाहिली की आपण किती अंधारात चाचपडतो आहोत ते कळते, पण हा सारा हिशेब जमिनीवरच्या कचऱ्याचा आहे, जहाजांचा नाही.

धागा काढण्याचे कारण याच्याही पुढचे आहे. किनारा स्वच्छतेच्या मोहिमा आता सर्वत्र होतात. महाविद्यालये, बँका, संस्था, सरकारी खाती असे सगळे येतात, टोप्या-हातमोजे वाटले जातात आणि दुपारपर्यंत पोत्यांची रास उभी राहते. छायाचित्रे निघतात. ही पोती पुढे जातात कुठे? सुरूच्या बनाच्या कडेला पावसाळ्यापर्यंत तशीच पडून राहिलेली, उन्हाने पोत्याचे धागे कुजून फाटलेली आणि जूनच्या उधाणात पुन्हा समुद्रात गेलेली पोती मी एकाहून अधिक गावांत पाहिली आहेत. काही ठिकाणी ती तिथेच खड्ड्यात पुरतात, काही ठिकाणी संध्याकाळी पेटवतात. आपल्या गावात या पोत्यांचे नेमके काय होते, हे किनाऱ्यावरच्या आणि किनाऱ्याशी संबंध असलेल्या सभासदांनी लिहावे, अशी विनंती आहे.

पुळणीवरचे_घर

दादा, तुमचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. आमचे किनाऱ्याला लागून घरगुती निवास आणि खाणावळ आहे, त्यामुळे या पोत्यांशी माझा रोजचा संबंध येतो. सुटीच्या दिवसांत पाहुणे गेल्यावर अंगण आणि समोरची पुळण आम्ही घरची माणसे झाडतो. ओला कचरा माडांच्या आळ्यात जातो, त्याची काही अडचण नाही. सुका कचरा निवडावा लागतो आणि तिथून खरी कहाणी सुरू होते.

पाण्याच्या बाटल्या भंगारवाला घेतो, पण किनाऱ्यावर सापडलेली बाटली आणि घरात रिकामी झालेली बाटली यांत तो फरक करतो. आत वाळू असली तर वजन कापतो, आणि मिठाच्या पाण्याने पांढरट झालेली बाटली बाजूला काढून ठेवतो. काचेच्या काही बाटल्या जातात. चपला, थर्माकोल, दोर, दूध-तेलाच्या मळक्या पिशव्या आणि वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत पुड्या कोणीही घेत नाही. म्हणजे मोहिमेतली दहा पोती निवडली तर विकण्याजोगे त्यातून दीड-दोन पोती निघते आणि उरलेले आमच्याच गळ्यात पडते. आमच्या पंचायतीची गाडी वाडीवस्तीत येते, पुळणीपर्यंत येत नाही, कारण चाके रुततात आणि शिवाय पुळण कोणाच्या हद्दीत येते यावर एकमत नाही.

पाहुण्यांविषयी एवढेच सांगते की सगळ्यांना एका मापाने मोजू नये. कासवे पाहायला येणारे लोक पहाटे उठतात, शांत असतात, आणि आपला कचरा परत नेतात असा माझा अनुभव आहे. वर्षअखेरीला जीप-मोटारी थेट वाळूत घालणाऱ्यांची तऱ्हा वेगळी असते. आम्ही खोल्यांत पाण्याच्या बाटल्या ठेवणे बंद केले आणि तांब्या-भांडे ठेवले; सुरुवातीला काहींनी नाके मुरडली, आता कोणी विचारत नाही.

नाखुदा

व्यापारी जहाजांवर अभियंता म्हणून नोकरी केली असल्यामुळे जहाजांच्या बाजूने थोडे लिहितो. ‘जहाजवाले सगळा कचरा समुद्रात टाकतात’ हे किनाऱ्यावर सहज बोलले जाते, आणि एके काळी ते खोटेही नव्हते. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे कचऱ्याविषयीचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून अमलात आले आणि जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकण्यास तेव्हापासून सर्वत्र बंदी आहे. १ जानेवारी २०१३ पासून नियम आणखी कडक झाला आणि अन्नाचे उरलेसुरले व अशा मोजक्या गोष्टी वगळता काहीही टाकता येत नाही. अन्नसुद्धा दळून बारीक केलेले असेल तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे आणि तसेच टाकायचे असेल तर बारा मैलांपलीकडे. मोठ्या जहाजांवर कचऱ्याची नोंदवही असते, बंदरातला निरीक्षक ती उघडून पाहतो आणि नोंदी जुळल्या नाहीत तर जहाज अडकून पडते. त्यामुळे शिस्तीच्या कंपनीच्या जहाजावर हा नियम बराच पाळला जातो. छोट्या नौकांवर आणि मासेमारी बोटींवर कोण नोंदवही तपासणार, हा प्रश्न राहतोच.

जहाजांचा खरा धोका रोजच्या कचऱ्यापेक्षा तेलाचा आणि अपघाताचा आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले आणि सांडलेले तेल रायगडच्या कांदळवनापर्यंत पोहोचले. जवळजवळ एका वर्षाने, ४ ऑगस्ट २०११ रोजी, दगडी कोळसा घेऊन चाललेले रॅक कॅरियर हे जहाज मुंबईजवळ बुडाले. मे २०२१ मध्ये कोलंबोसमोर एक्स-प्रेस पर्ल पेटले, आणि २५ मे २०२५ रोजी केरळसमोर एमएससी एल्सा ३ हे सहाशेहून अधिक कंटेनरांसह बुडाले. या शेवटच्या दोन अपघातांनंतर किनाऱ्यावर आले ते प्लास्टिकचे कच्चे दाणे, मसुराएवढे, पांढरे. ते वाळूत मिसळले की चाळणीखेरीज निघत नाहीत, आणि अख्खी पुळण कोण चाळणार? कासवाच्या घरट्याच्या वाळूत असे दाणे मिसळलेले असतील तर त्याला ‘स्वच्छ किनारा’ म्हणायचे का, हे ठरवावे लागेल, कारण दहा पावलांवरून तो स्वच्छच दिसतो.

दोना_पावला

नाखुदा यांनी तेलाचा विषय काढलाच आहे, म्हणून गोव्यातली नेहमीची गोष्ट नोंदवतो. मे महिन्याच्या सुमारास इथल्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊ लागतात आणि पावसाळाभर कमी-अधिक येत राहतात. वाटाण्याएवढ्यापासून तळहाताएवढ्यापर्यंत, काळे, बाहेरून वाळू लागलेले आणि आतून मऊ. पायाला लागले की खोबरेल तेल किंवा रॉकेल चोळल्याशिवाय सुटत नाहीत. आमच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत यावर वर्षानुवर्षे अभ्यास चालू आहे. तेलवाहू जहाजांच्या टाक्यांचे धुतलेले पाणी, सांडलेले तेल आणि समुद्रातल्या तेलविहिरी ही त्यांची सांगितली जाणारी कारणे. खुल्या समुद्रात तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेला भाग पाण्याशी घुसळून घट्ट होतो आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की किनाऱ्याकडे ढकलला जातो. मुंबईच्या जुहूपासून अलिबागपर्यंत आणि खाली गोव्यापर्यंत हे एकाच हंगामात घडते, त्याचे कारण हेच वारे.

गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणे आणि बाटल्या फोडणे दंडनीय केले. फुटकी काच वाळूत पुरली गेली की अनवाणी चालणाऱ्याच्या नशिबी काय येते, ते इथल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिले आहे. दंडाच्या पावत्या किती फाडल्या जातात, त्याविषयी न बोललेले बरे.

वर्सोव्याचा_शेजारी

मी जरा कडू बोलतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी वर्सोवा किनाऱ्याची सफाई सुरू केली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. ही गोष्ट मोठीच आहे आणि तिला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्याच किनाऱ्यावर प्रत्येक पावसाळ्यात मालाड खाडीतून पुन्हा तेवढाच कचरा येतो. झोपड्यांपासून मनोऱ्यांपर्यंत सर्वांचा नाला खाडीला मिळतो आणि खाडी किनाऱ्याला. तेव्हा किनाऱ्यावर उचलत बसणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे नव्हे काय?

सुरूबन

नळ उघडा आहे म्हणून फरशी पुसायची नाही, असे आपण घरात तरी करत नाही. दोन्ही कामे करावी लागतात. शाह यांची मोहीमही पुढे मिठी नदीच्या काठाकडे वळलीच.

शाळेतल्या मुलांना घेऊन मी किनाऱ्यावर जाते, त्यामागे सफाई हा दुय्यम हेतू असतो. आम्ही उचललेली प्रत्येक वस्तू वहीत लिहितो: झाकण, दोर, पुडी, चप्पल, सुई-सिरिंज. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणारी किनारा सफाई १९८६ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सुरू झाली, तीही अशाच नोंदींसाठी. आपल्याकडे त्या दिवशी तटरक्षक दल पुढे असते. नोंदींचा उपयोग असा की, एका वर्षी आमच्या मुलांच्या वहीत एकाच प्रकारच्या दुधाच्या पिशव्यांचे कापलेले त्रिकोणी कोपरे ओळीने येऊ लागले. मुलांनीच घरी जाऊन सांगितले की पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लटकता ठेवावा. ते कोपरे कमी झाले. सगळ्याच गोष्टी इतक्या सोप्या नसतात हे मलाही कळते, पण कोणता नळ उघडा आहे ते कळायला आधी फरशीवर काय सांडले आहे ते पाहावे लागते.

आणखी एक सूचना आयोजकांसाठी. शेवाळ, काटक्या, वाहून आलेली लाकडे आणि मर्यादवेल हा कचरा नव्हे. उत्साहाच्या भरात पुळण अंगणासारखी झाडून काढली जाते, त्यात वाळू धरून ठेवणारी वेलही जाते. शहरांत सफाईसाठी यंत्रे आणि ट्रॅक्टर वाळूवर फिरवतात. कासवांच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, असे यंत्र घरट्यावरून गेले तर आतल्या शंभर-सव्वाशे अंड्यांचे काय होईल ते सांगायला नको.

भोईवाडा

सगळ्यांनी डोळ्यांना दिसणारा कचरा सांगितला. दाभोळ खाडीच्या काठच्या लोकांचे दुःख न दिसणाऱ्या कचऱ्याचे आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून या खाडीकडे सोडले जाते. प्रक्रिया अपुरी राहिली की त्याचा परिणाम पहिल्यांदा आम्हांला समजतो, कारण मासे वर येतात, पाण्याला वास सुटतो आणि जाळ्यात हात घालणाऱ्याच्या अंगाला खाज येते. खाडीतला भोई समाज याविरुद्ध किती वर्षे अर्ज, मोर्चे आणि सुनावण्या करत आला आहे, ते इथल्या वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत वाचायला मिळेल. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथली वाळू मात्र पांढरीशुभ्र असते आणि पर्यटक तिथे उभे राहून छायाचित्रे काढतात.

किनाऱ्याच्या स्वच्छतेचे ‘ब्लू फ्लॅग’ हे मानांकन डेन्मार्कमधली संस्था देते. त्याच्या ३३ निकषांत पाण्याच्या तपासणीला मोठे स्थान आहे, ते याचसाठी. भारतातल्या आठ किनाऱ्यांना ते पहिल्यांदा २०२० मध्ये मिळाले, त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. निदान पाण्याचा अहवाल दर महिन्याला किनाऱ्यावरच्या फलकावर लावला, तरी बरेच काही हलेल असे मला वाटते.

रापणकर

मालवणकडचा आहे, त्यामुळे रापणीविषयी सांगतो. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि दोन्ही टोके पुळणीवरून माणसांनी ओढून आणायची. ज्याने दोर ओढला त्याला वाटा. पूर्वी जाळ्याच्या पोटात तारली, बांगडा, सौंदाळा यांच्याखाली फार तर शेवाळ आणि जेलीफिश येत. आता पिशव्यांचा इतका गाळ येतो की मासळी निवडण्यापेक्षा जाळे साफ करायला जास्त वेळ जातो, आणि पिशव्यांच्या ओझ्याने जाळे फाटते ते वेगळेच.

पण आम्ही मच्छीमारही धुतल्या तांदळासारखे नाही, हे कोणीतरी आमच्यातल्याने लिहायला हवे होते. फाटलेले नायलॉनचे जाळे बोटीवरून बंदरात परत आणायचे तर जागा अडते, म्हणून ते बाहेरच सोडून देणारे आहेत. ते जाळे तळाशी बसून वर्षानुवर्षे मासे, कुर्ल्या, कासवे अडकवत राहते आणि त्याचा धनी कोणीही नसतो. मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या बंदरावरच फुटतात आणि वारा तो चुरा थेट पाण्यात नेतो. मलपाणी, तेल बदललेल्या इंजिनाचे काळे पाणी, हे सगळे जेट्टीखालीच जाते.

एक चांगली गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे की जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर चित्रीकरण-छायाचित्र दाखवून २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळते. वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करावा लागतो. हा उपाय आमच्या लोकांना समजला, कारण त्यात जाळ्याची किंमत धरलेली आहे. फाटके जाळे बंदरावर आणून देणाऱ्याला किलोमागे काही पैसे मिळाले, तर तेही आपोआप परत येऊ लागेल. नुसत्या प्रबोधनाच्या फलकाने येणार नाही.

निवृत्त_ग्रामसेवक

मूळ प्रश्न पोत्यांचा होता, आणि पुळणीवरचे घर या ताईंनी ‘हद्द कोणाची’ हा मुद्दा मांडला आहे, त्याला धरून लिहितो. नोकरीचा बराच काळ किनाऱ्याच्या गावांत गेल्यामुळे हा घोळ मला पाठ आहे. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची, जेट्टी सागरी मंडळाची, सुरूचे बन बहुतेक ठिकाणी वनखात्याचे, आणि कचरा मात्र ग्रामपंचायतीचा. प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवू शकते, आणि दाखवते.

तरीही पंचायतीला काही करता येत नाही हे खरे नाही. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम पहिल्यांदा ग्रामीण भागाला लागू झाले आणि त्यांत ग्रामपंचायतीवर संकलन व वर्गीकरणाची जबाबदारी आली. ती पार पाडायला पैसा नाही, असे सरपंच सांगतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्च करण्यासाठी, ठेवला, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी. तो खर्च कशावर होतो, ते ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येक मतदाराला अधिकार आहे. मी पाहिलेल्या आराखड्यांत हा पैसा गटारे आणि शौचालय दुरुस्तीत संपतो. ती कामे आवश्यकच आहेत, पण सुका कचरा साठवायला चार भिंती आणि पत्र्याचे छप्पर उभारणे त्याच शीर्षात बसते. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यासाठी एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र उभारायला १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. तिथे प्लास्टिक दाबून गठ्ठे बांधता येतात. गावाने पोती कोरडी ठेवून तिथपर्यंत पोहोचवली, तर पुढची वाट मिळते.

ज्या चकचकीत पुड्या कोणी घेत नाही, त्या जाळण्याची रीतसर जागा म्हणजे सिमेंटच्या भट्ट्या, आणि त्या कोकणात नाहीत. चंद्रपूर किंवा कर्नाटकापर्यंत माल न्यायचा तर दाबलेला गठ्ठाच परवडतो, मोकळी पोती नाहीत. ट्रकमध्ये नुसती हवा भरून न्यावी लागते. पुड्या बनवणाऱ्या कंपन्यांवर तो माल परत घेण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, पण ती कागदावर शहरांतून भागवली जाते. बाणकोटच्या खाडीपर्यंत कोण येणार?

उत्पन्नाचेही एक साधन सांगतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली पंचायतीला कर व फी बसवता येते. किनाऱ्याच्या काही गावांनी वाहनतळाची पावती सुरू केली आहे. पावतीवर पैसे घेताना लोक कुरकुरतात, परंतु त्याच पैशातून पुळणीवर दोन माणसे हंगामभर ठेवली आहेत असे दिसले की कुरकुर थांबते. पैसे मंदिराच्या सभामंडपाला गेले, तर थांबत नाही.

खाडीपलीकडे

सर्वांचे सविस्तर प्रतिसाद वाचले. भोईवाडा यांचा मुद्दा मूळ लेखात यायलाच हवा होता, असे अनेकांना वाटेल. मी मुद्दाम दिसणाऱ्या कचऱ्यापुरते लिहिले होते, कारण रसायनांचा प्रश्न पंचायतीच्या हाताबाहेरचा आहे आणि त्याला स्वतंत्र धागा हवा. त्यांनी तो काढावा, मी त्यात जरूर लिहीन.

राज्यात २३ जून २०१८ पासून प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी अमलात आली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर. बंदीनंतर भरतीच्या रेषेवर पातळ पिशव्या काहीशा कमी दिसतात, पुड्या मात्र मुळीच कमी झालेल्या नाहीत, कारण वेफर्स-बिस्किटांच्या पुड्यांवर बंदीच नाही. रापणकर यांची किलोमागे पैसे देण्याची सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

निवृत्त ग्रामसेवक यांना एक विचारतो. मोहीम घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडून पोत्यांच्या वाहतुकीचा खर्च आधीच घ्यावा, अशी अट पंचायतीला घालता येते का?

निवृत्त_ग्रामसेवक

घालता येते. मासिक सभेत तसा ठराव करावा आणि मोहिमेला परवानगी देणाऱ्या पत्रातच अट लिहावी: पोती त्याच दिवशी निवडायची, विकाऊ माल वेगळा, बाकीचा साठवण शेडमध्ये, आणि तालुक्याच्या केंद्रापर्यंतच्या टेम्पोचे भाडे संस्थेने भरायचे. टोप्या-हातमोजे आणि जेवणावर होणाऱ्या खर्चापुढे टेम्पोचे भाडे फारसे नसते. अट वाचून एखादी संस्था आली नाही, तर फारसे नुकसान झाले असे समजू नये.

पुळणीवरचे_घर

आमच्याकडे शेड अजून नाही, पण पंचायतीच्या जुन्या गोदामाचा एक खण रिकामा आहे. या महिन्याच्या सभेत हा ठराव मांडायला मी आणि शेजारच्या दोन निवासवाल्या जाणार आहोत. भाऊ, त्या परवानगीच्या पत्राचा मसुदा इथेच लिहून द्याल का? तारखेचा रकाना मोकळा ठेवा, आणि ‘३१ मेपूर्वी किनाऱ्यावर एकही पोते शिल्लक राहणार नाही’ हे वाक्य त्यात असू द्या.